लीजची गाडी परत देताना ‘नॉर्मल झीज’ म्हणजे नक्की किती, ते मिलिमीटरमध्ये सांगा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात गाडी लीजवर किंवा सबस्क्रिप्शनवर घेण्याबद्दल अधूनमधून येत असतं, डाउन पेमेंट नाही, इन्शुरन्सची कटकट नाही, सर्व्हिसिंग त्यांच्याकडेच, तीन-चार वर्षं वापरा आणि परत देऊन नवी घ्या. ते सगळं ठीकय, माझी त्याला ना नाही. पण परत देताना काय काय होतं ते कुणी लिहीत नाही आणि मी तर तेच बघत असतो, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. भोसरीला माझं डेंटिंग-पेंटिंगचं शॉप आहे, आधी नुसतं टिंकरिंग करायचो, आता पेंट बूथ पण टाकलाय. लिहायची सवय नाही, बरंचसं मोबाईलवर बोलून टाईप केलंय, तेवढं शुद्धलेखन सांभाळून घ्या.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इकडची आयटीतली मुलंमुली येतात माझ्याकडे. ऑफिसच्या पॅकेजमधून लीजवर घेतलेली गाडी, टॅक्स वाचतो म्हणून घेतलेली, मुदत संपत आली की एचआरचा मेल येतो, तो तसाच पडून राहतो आणि मग शेवटच्या आठवड्यात धावपळ. "काका, सोमवारी गाडी परत द्यायचीय, सगळं नव्यासारखं करून द्या, किती होतील बोला." मी आधी विचारतो ॲग्रीमेंट कुठाय. असतं, कुठल्या तरी जुन्या मेलमध्ये पीडीएफ असते, पण उघडलेली नसते. मग आम्ही चहा मागवतो आणि तिथेच बाकड्यावर बसून वाचतो. मी आजवर जेवढी वाचली त्यातल्या बहुतेकांत एवढंच सापडलं की नॉर्मल वेअर अँड टेअर सोडून जे नुकसान असेल त्याचा खर्च वापरणाऱ्याकडून घेतला जाईल. बास, संपलं. आता नॉर्मल म्हणजे किती? ओरखडा बोटभर चालेल का वीतभर, डेंट केवढा चालेल, बंपरचा कोपरा घासलाय तो धरणार का सोडणार, काही नाही. ते ठरवणार कोण, तर त्यांनीच पाठवलेला इन्स्पेक्शनवाला. माझी सगळी तक्रार या एका जागेवर आहे.

माझा भाचा इंग्लंडला असतो, रेडिंगला. तिकडे लीजवर गाडी एकदम कॉमन. त्याची गाडी परत द्यायची वेळ आली तेव्हा त्याने मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, मामा हे पॉलिशने जाईल का, आणि सोबत तिकडच्या असोसिएशनच्या गाईडची पानं पाठवली. ब्रिटिश व्हेईकल रेंटल अँड लीजिंग असोसिएशन, थोडक्यात बीव्हीआरएलए. साधारण झीज कशाला म्हणायचं यावर त्यांनी अख्खं गाईड काढलंय आणि त्यात चक्क मिलिमीटर दिलेत. ओरखडा २५ मिलिमीटरपर्यंत असेल आणि खालचा प्रायमर किंवा पत्रा दिसत नसेल तर चालतो. डेंट १५ मिलिमीटरपर्यंत, एका पॅनलला, म्हणजे दरवाजा, बॉनेट अशा एका भागाला, दोनपेक्षा जास्त नकोत आणि रंग फुटलेला नको. तोच डेंट छतावर किंवा बॉडीच्या उठावाच्या लाईनवर असेल तर चालत नाही. व्हीलची कड घासलेली असेल तर सगळं मिळून ५० मिलिमीटरपर्यंत चालते. आणि गाडी परत द्यायच्या १० ते १२ आठवडे आधीच आपण स्वतः ती धुवून, कोरडी करून, चांगल्या उजेडात सगळीकडून बघून घ्यावी हेही त्यातच सांगितलंय, म्हणजे काही करायचं असेल तर वेळ मिळतो.

तिकडे काय धर्मादाय चालत नाही. चार्ज तिकडेही लावतात आणि चांगले सणसणीत लावतात, कुठून तरी फालतू रिपेअर करून आणलं तर त्याचाही लावतात. पण भाचा पट्टी घेऊन गाडीभोवती फिरला आणि त्याचं त्यालाच कळलं की हे ओरखडे बसतात मापात, मागच्या दरवाजाचा डेंट बसत नाही, तेवढा काढून घ्यावा. विषय संपला. अमेरिकेत तर १९७६ पासून गाड्यांसारख्या वस्तू लीजवर घेणाऱ्या साध्या गिऱ्हाईकासाठी वेगळा कायदा आहे, कंझ्युमर लीजिंग ॲक्ट, आणि कंपनीने झिजेचे काही नियम लावले तर ते आधी सांगायचे आणि ते वाजवी असायला पाहिजेत असं तिथल्या नियमात आहे. आपल्याकडे कंपन्यांच्या ताफ्यातल्या गाड्या कितीतरी वर्षं लीजवर चालतात, पण ते दोन कंपन्यांमधलं प्रकरण असायचं, त्यांचे वकील त्यांचं बघून घ्यायचे. आता २०२० पासून मारुतीसारख्या कंपनीनेही सबस्क्रिप्शन काढलं, म्हणजे शाळेतल्या बाई, दवाखान्यातले डॉक्टर, कुणीही अशी गाडी घ्यायला लागलंय, आणि त्यांच्या हातात माप नावाची गोष्टच नाही.

एका गिऱ्हाईकाचं बिल मी बघितलं, लीज कंपनीचं नाव लिहीत नाही. ड्रायव्हरच्या दरवाजाला हँडलच्या मागे जो खळगा असतो ना, तिथे नखांचे आणि अंगठीचे बारीक ओरखडे येतात, ज्या ज्या गाडीचा दरवाजा माणूस हाताने उघडतो त्या प्रत्येक गाडीला येतात. त्या ओरखड्यांपायी पूर्ण दरवाजाचा पेंट लावला होता. ते ओरखडे मशीनसुद्धा न लावता हाताने कंपाउंड घासून दहा मिनिटांत जातात हो. त्या पोराने परत द्यायच्या आधी मला नुसती गाडी दाखवली असती तर मी पैसेही घेतले नसते.

आता लोक काय करतात, एकतर काहीच करत नाहीत, नाहीतर घाबरून सगळी गाडी रंगवायला आणतात. दुसरं पहिल्यापेक्षा वाईट. मी हे स्वतःच्या धंद्याच्या विरोधात सांगतोय, पण खरं ते खरं.

सगळ्यात आधी ठरवा की गाडी खरंच परत द्यायचीय का. बऱ्याच लीजमध्ये मुदत संपल्यावर ठरलेल्या रकमेला गाडी आपणच विकत घ्यायची सोय असते, काहींत मुदत वाढवून मिळते. घ्यायचीच असेल तर डेंट राहू द्या की, तुमचीच गाडी आहे, कोण विचारतंय. एक मॅडम आल्या होत्या, दोन दरवाजे आणि बंपर रंगवून घ्यायला, बोलता बोलता म्हणाल्या मिस्टरांना हीच गाडी ठेवून घ्यायचीय. मी म्हटलं मग आधी घरी बोलून या. तेव्हा आधी कंपनीकडून ती रक्कम लेखी मागवा, तशीच गाडी बाजारात कितीला जाते ते बघा, मग बाकीचं. किलोमीटरची मर्यादा ओलांडली असेल तर वरच्या प्रत्येक किलोमीटरला पैसे लागतात, तोही हिशोब आत्ताच करा, तो आकडा कधीकधी सगळ्या ओरखड्यांच्या बापापेक्षा मोठा निघतो आणि तिथे पेंटर काही करू शकत नाही.

परतच द्यायची ठरली तर दोन-अडीच महिने आधी गाडी नीट धुवा. सोसायटीत सकाळी पोऱ्या येतो तो एकाच बादलीत दहा गाड्यांची फडकी बुडवतो, धूळ न काढता कोरड्यावरच फडकं फिरवतो, त्याने गाडीवर उन्हात दिसणारी गोल गोल जाळी पडते. काळ्या आणि गडद निळ्या गाड्यांचं तर वाटोळं होतं. ती जाळी रबिंग-पॉलिशने बरीचशी जाते. तर नीट पाण्याने धुवा, सावलीत कोरडी करा आणि मग सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. भर दुपारी किंवा बेसमेंटच्या ट्यूबलाईटखाली काही दिसत नाही, आणि ओल्या गाडीवर तर सगळंच चकचकीत दिसतं.

ओरखडा दिसला की त्यावर आडवं नख फिरवा. नख अडकत नसेल तर तो क्लिअर कोटमधलाच आहे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातला, पॉलिशने जाईल. पाण्याचं बोट लावल्यावर दिसेनासा होत असेल तरी तेच. नख अडकलं, आत पांढरं-राखाडी दिसलं म्हणजे प्रायमरपर्यंत गेलंय, तिथे रंगाशिवाय इलाज नाही. टचअपचा पेन मिळतो ऑनलाईन, तो दगडाच्या टिपक्याला ठीक आहे, पण लांब ओरखड्यावर ओढला की जाड फुगलेली रेघ होते, लांबून दिसते, आणि ती खरवडून काढायला मला जास्त वेळ लागतो. आणि पॉलिश पॉलिश म्हणून सारखं घासूनही घेऊ नका, क्लिअर कोट म्हणजे केवढा, केसाच्या जाडीएवढाही नसतो, दर वेळी थोडा थोडा उडतो.

डेंटचं म्हणाल तर रंग फुटला नसेल तर रंगवायचंच नाही. आतून सळ्या घालून दाबत दाबत बाहेर काढतात, पीडीआर म्हणतात त्याला, पुण्यात करणारी चांगली पोरं आहेत. पार्किंगमध्ये शेजारच्याने दरवाजा आपटला, क्रिकेटचा बॉल लागला, हे सगळं त्याने निघतं. दरवाजाच्या कडेला असेल किंवा बॉडीच्या लाईनवर असेल तर अवघड जातं, शंभर टक्के नाही निघत, ते आधीच सांगतो.

रंगवायची वेळ आलीच तर काय होतं ते समजून घ्या. कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन रंग असतो, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यावरच परत रंगवलं की रंगाची जाडी मोजायचा मीटर दोनशे-तीनशे दाखवतो, खाली पुट्टी भरली असेल तर कुठेच्या कुठे जातो. इन्स्पेक्शनवाल्यांकडे हा मीटर असू शकतो, सेकंडहँड गाड्यांच्या धंद्यात तर आता सर्रास वापरतात. म्हणजे तुम्ही २० मिलिमीटरचा ओरखडा लपवायला दरवाजा रंगवलात की त्याच्या कागदावर "पॅनल रिपेंटेड" येतं, आणि मग गाडीला ॲक्सिडेंट झाला होता का, क्लेम केला होता का, पार्ट ओरिजिनल आहे का, हे प्रश्न सुरू. वरून पर्ल किंवा मेटॅलिक रंग असेल तर एकच दरवाजा रंगवून शेड जुळत नाही, शेजारच्या पॅनलवर थोडा थोडा मारत न्यावा लागतो, तसं न करता स्वस्तात करून देणारे खूप आहेत. माझ्याकडे छोट्या गाडीचं पॅनल साधारण ३,००० ते ४,००० ला होतं, कंपनीच्या वर्कशॉपला जास्त. लीज कंपनी त्या ओरखड्याला किती लावणार ते आधी माहीत असेल तर माणूस तुलना करू शकतो. माहीत नसतं. म्हणून माणूस अंधारात पैसे खर्च करतो, कधी माझ्याकडे, कधी त्यांच्याकडे.

बंपर प्लास्टिकचा असतो त्यामुळे त्याचं गणित वेगळं. कोपरा घासला असेल तर तेवढं होतं. क्लिप तुटून बंपर लोंबत असेल तर आधी क्लिप बघा, किरकोळ पैशांत येतात, पण इन्स्पेक्शनच्या कागदावर लोंबणारा बंपर म्हणजे नवा बंपर.

इन्शुरन्सचं लोक विसरतातच. पॉलिसी बहुतेक वेळा लीज कंपनीच्याच नावाने असते पण प्रीमियम तुमच्या हप्त्यातूनच गेलेला असतो ना, मग मोठं काही लागलं असेल तर लागलं त्याच वेळी कळवून क्लेम करा, साठवून ठेवू नका. चार वेगवेगळ्या वेळी लागलेलं एकाच क्लेममध्ये घुसडायचं म्हणून येतात लोक, "काका एकाच वेळी लागलं असं लिहा", ते मी करत नाही आणि सर्व्हेअर काय डोळे मिटून येत नाही, गंज बघून त्याला कळतं कधीचं आहे. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबरच्या पार्टवर निम्मा घसारा कापतात, काचेवर कापत नाहीत. झिरो डेप असेल तर पार्टचा घसारा सुटतो, पण दर क्लेमला सक्तीचे हजार, मोठ्या इंजिनाला दोन हजार आपल्यालाच द्यावे लागतात. आणि काही पॉलिसींत झिरो डेपचे क्लेम वर्षाला दोनच असतात. पुढच्या काचेला तडा असेल तर ती इन्शुरन्समधून बदलून घ्यायला अजिबात लाजू नका. नुसता दगडाचा टिपका असेल तर वेळेत रेझिन भरून घ्या, हायवेचा एक खड्डा आणि त्याची रेघ काचभर जाते.

काचेवरून आठवलं. मागच्या काचेला काळी फिल्म लावलेली असते, ती परत द्यायच्या आदल्या रात्री घरी ब्लेडने खरवडून काढतात. मागच्या काचेत त्या ज्या आडव्या लाल-तपकिरी रेघा असतात ना, त्या धुकं घालवायच्या हीटरच्या तारा आहेत, ब्लेडने त्या कापल्या जातात आणि मग अख्खी काच बदलायचा चार्ज येतो. फिल्म वाफेने सैल करून काढायची, आम्ही काढून देतो.

टायरला कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी लागतेच, टायरच्या खाचेत मधे मधे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. नवीन घेतलेत तर चारही एकाच मापाचे, कंपनीने दिलेल्या रेटिंगचे घ्या, दोन वेगळेच आणि दोन भलतेच असं नको. अलॉय व्हील फुटपाथला घासलेलं असेल आणि ते चंदेरी-काळं डायमंड कट असेल तर कुणी स्प्रे मारून देतो म्हटला तर देऊ नका, ते लेथवर करावं लागतं, स्प्रे लगेच ओळखू येतो. साधं लोखंडी व्हील आणि वर कॅप असेल तर नवी ओरिजिनल कॅप आणून लावा, संपला विषय.

आता आतलं. आपल्या लोकांच्या गाडीत डॅशबोर्डवर गणपती हवाच, स्वामी हवेत, आणि ते डबल टेपने असे चिकटवलेले असतात की उपटायला गेलं की डॅशबोर्डचं वरचं टेक्सचर घेऊनच येतात. हेअर ड्रायरने टेप गरम करा, मग दोऱ्याने हळूहळू कापत काढा. दसऱ्याला बॉनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढतात आणि ते आठवडाभर तसंच ठेवतात, पांढऱ्या गाडीवर गुलाबी डाग राहतो, पूजा झाल्यावर संध्याकाळी पुसून घेतलं तर देव काही रागावत नाही. झेंडूची माळ तारेने ग्रिलला बांधू नका, सुतळीने बांधा. सीटवर चहा, वडापावचं तेल, लहान मुलांच्या दुधाचा वास, हे सगळं ड्रायक्लीन केलं की जातं पण ते पावसाळ्यात करू नका, फोम आतून वाळत नाही आणि मग कुबट वास येतो आणि परफ्यूम मारलेला असला की इन्स्पेक्शनवाल्याला उलट संशय येतो. कोकणात जाऊन आला असाल तर चाकांच्या वरच्या कमानीत लाल माती घट्ट बसलेली असते, ती प्रेशरने धुवून काढा, तिच्याखाली गंज आहे का तेही दिसेल. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल तर लपवायला जाऊ नका, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की आतल्या टोकाला चिखलाची रेघ असते, तिथेच बघतात ते.

आणि जे गाडीबरोबर आलं ते गाडीबरोबर जायला हवं. दुसरी चावी, जॅक, पाना, स्टेपनी, मागचा पार्सल ट्रे, ओरिजिनल स्टिरिओ जर काढला असेल तर तो, ओरिजिनल मॅट. दुसरी चावी घरात कुठल्या तरी डब्यात असते, आजच शोधा, सेन्सरवाली नवी चावी करायची तर हजारांत जाते. तुम्ही नंतर लावलेलं काढायचं असेल तर काढा, पण काढल्यावर भोकं राहणार असतील तर राहू द्या ते तिथेच. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी ऑथराइज्ड वर्कशॉपला झालंय त्याची बिलं एका फाईलमध्ये ठेवा.

परत द्यायच्या दिवशी माणूस घरी येतो किंवा त्यांच्या यार्डात बोलावतात. कुठेही असो, उजेडात द्या, गाडी धुतलेली असू द्या, आणि देण्याआधी पूर्ण गाडीचा सलग एक व्हिडिओ काढा, छत, चारही व्हील, काचा, आतल्या सीट, डिकी, आणि शेवटी मीटरचे किलोमीटर. गाडी नवीन ताब्यात घेतली त्या दिवशीचे फोटो असतील तर सोन्याहून पिवळं. त्याने मोबाईलवर जे टिपलंय त्याची कॉपी तिथेच मागा, प्रत्येक नुकसानीचा फोटो आणि शेजारी माप. पट्टी नसेल त्याच्याकडे तर तुम्ही न्या, शाळेतली पंधरा सेंटीमीटरची चालते, फोटोत ओरखड्याशेजारी धरा. सही करायच्या आधी वाचा, आणि पटलं नाही तर सहीशेजारी "या मुद्द्याशी सहमत नाही" असं स्वतःच्या हाताने लिहा, मोबाईलवर सही असेल तर लगेच त्याच दिवशी मेल करा. लोक लाजतात, तो माणूस बिचारा उन्हातून आलाय, घाईत आहे म्हणून सही करून मोकळे होतात. त्याला पाणी द्या, चहा द्या, पण सही वाचूनच करा.

बिल आलं की विचारा, हा रेट कुठून आला. एक वकील गिऱ्हाईक आहेत माझे, त्यांनी सांगितलं की भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी कोर्टात वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेल्या रकमेच्या वर तर नाहीच. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनफेअर कॉन्ट्रॅक्ट म्हणजे काय ते दिलंय, त्यात झालेल्या नुकसानीच्या मानाने भलताच मोठा दंड आणि अवाजवी डिपॉझिट हे दोन्ही येतं. त्याची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाला नाही, राज्य ग्राहक आयोगाकडे करावी लागते, हे मला माहीत नव्हतं. साधी सुरुवात करायची तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला फोन करता येतो. फक्त एक अडचण आहे, ऑफिसमधून घेतलेल्या लीजमध्ये करार तुमची कंपनी आणि लीज कंपनी यांच्यात असतो, तुम्ही नुसते वापरणारे, पैसे मात्र तुमच्या पगारातून कापतात. तिथे भांडायला आधी एचआरलाच पुढे करावं लागतं, आणि एचआर किती पुढे येतं ते तुम्हाला माहीतच आहे.

मला कुणी म्हणेल की कंपनीचंही बरोबर आहे, लोक गाड्या कशाही वापरतात, भाड्याची म्हणून आदळतात. वापरतात, मी रोज बघतो. सिगारेटने सीट जाळलेली असते, खालून ऑइल चेंबर फोडलेला असतो आणि तसंच परत द्यायला निघतात. अशांना लावा चार्ज, लावलाच पाहिजे. पण हँडलमागचे नखांचे ओरखडे आणि फुटलेला चेंबर एकाच माणसाच्या डोळ्याच्या अंदाजावर ठरणार असेल तर गाडी नीट वापरणाऱ्याला काय फायदा?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की गाडी देतानाच, सहीच्या वेळी, एका पानाचा तक्ता द्या. मराठीत द्या, हिंदीत द्या, इंग्रजीत द्या, पण मिलिमीटर आणि रुपये दोन्ही लिहा. ओरखडा एवढा चालेल, त्याच्या वर गेला तर पॅनलला एवढे रुपये. डेंट एवढा. व्हील एवढं. तीन वर्षांच्या गाडीला एक माप आणि एक वर्षाच्या गाडीला दुसरं असेल तर तसं लिहा. लीजिंग कंपन्यांनी आपणहून एकत्र बसून केलं तर उत्तम, नाहीतर ग्राहक व्यवहार खात्याने करायला लावावं. तुमच्या वार्ताहराने शहरातल्या लीजवाल्यांकडे फोन करून एकच प्रश्न विचारावा, परत देतानाचा तुमचा रेटचा तक्ता गिऱ्हाईकाला सहीच्या आधी मिळतो का. जे देतात त्यांची नावं छापा, त्यांचं कौतुक होऊ दे. बाकीच्यांचं काय करायचं ते वाचक ठरवतील.

कळावे, लोभ असावा.
आपला,
एक गॅरेजवाला, भोसरी, पुणे ३९

ता.क. लिहायचं राहिलंच. गाडी देण्याआधी ई-चलान चेक करा, राहिलेली चलानं गाडीच्या नंबरवर असतात आणि नंतर तुमच्या डिपॉझिटमधून जातात, वर प्रोसेसिंग फी लावतात ती वेगळी. फास्टॅग तुमच्या बँक खात्यातून असेल तर बंद करून घ्या, नाहीतर गाडीचा पुढचा मालक तुमच्या पैशावर खोपोलीचा टोल भरत बसेल. आणि स्टिरिओमधून तुमचा फोन, काँटॅक्ट आणि नॅव्हिगेशनमधला घरचा पत्ता डिलीट करा, माझ्याकडे आलेल्या कितीतरी गाड्यांमध्ये आधीच्या वापरणाऱ्याच्या सासूबाईंचा नंबर अजून आहे.